बाथरूमची गळती: पाणी नेमकं कुठून येतं, फोडाफोड कधी करावी आणि खर्च कोणाचा?

फ्लॅटच्या छतावर, बाथरूमला लागून असलेल्या कोपऱ्यात, पिवळसर तपकिरी डाग उमटला की बहुतेक घरांत एकच क्रम घडतो. आधी दुर्लक्ष होतं. मग दिवाळीला त्यावरून रंगाचा हात फिरतो. पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात, आणि मग वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली जाते. वरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे, या बघायला."

गंमत म्हणजे ते खोटं बोलत नसतात. त्यांची फरशी खरोखरच कोरडी असते. पाणी फरशीच्या वर नाही, खाली साठलेलं असतं. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमधल्या सोसायट्यांत शेजाऱ्यांची भांडणं ज्या कारणांवरून होतात त्यांत पार्किंगच्या बरोबरीनं गळतीचा नंबर लागेल. त्यातली बरीच भांडणं केवळ या एका गोष्टीची कल्पना नसल्यानं वाढतात.

फरशीखाली काय असतं?

जुन्या आणि मध्यम वयाच्या बहुतेक इमारतींत बाथरूम-संडासाचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा साधारण फूटभर खाली ओतलेला असतो. मिस्त्री लोक याला 'सनकन' म्हणतात. या खोलगट भागात संडासाचा ट्रॅप, जाळीखालचा ट्रॅप आणि सांडपाण्याचे आडवे पाईप बसवतात. त्यावर विटांचे तुकडे, खडी किंवा सिमेंटचा माल भरून वर फरशी लावली जाते.

जाळीखालच्या त्या ट्रॅपला देशभरातले प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. हा शब्द आपल्याच 'न्हाणी'वरून आलेला आहे. ट्रॅपच्या खोलगट भागात नेहमी थोडं पाणी राहतं, सहसा ५० मिलिमीटर. हे पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. महिनाभर बंद असलेल्या घरात शिरल्यावर बाथरूमला वास मारतो तो हेच पाणी आटल्यामुळे. अशा वेळी जाळीत तांब्याभर पाणी ओतलं की काम होतं, प्लंबर लागत नाही.

आता फरशीच्या सांध्यांतून रोज थोडं थोडं पाणी झिरपतं असं समजा. किंवा ट्रॅप आणि पाईपचा सांधा सुटला आहे. ते पाणी लगेच खाली टपकत नाही. सनकनच्या भरावात, एखाद्या भरलेल्या टबमध्ये साठावं तसं, साठत राहतं. स्लॅबवर एखादी बारीक चीर किंवा पाईप आरपार जाण्याची जागा सापडली की तिथून ते खाली उतरतं. म्हणून गळती सुरू होण्याची जागा आणि खाली डाग दिसण्याची जागा यांत चार-पाच फुटांचं अंतर असू शकतं. डागाच्या अगदी वरची फरशी फोडणं हा म्हणूनच बऱ्याचदा वाया जाणारा खर्च ठरतो.

याचाच दुसरा परिणाम जास्त लोकांना फसवतो. दुरुस्ती अगदी योग्य झाली तरी भरावात आधीच साठलेलं पाणी संपायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर खाली ठिपकणं चालूच राहतं. खालचे म्हणतात काम फसलं, वरचे म्हणतात पैसे वाया गेले, आणि प्लंबर फोन उचलत नाही. ठिपके मोजून पाहावेत. दर आठवड्याला कमी होत असतील तर वाट पाहण्यात अर्थ आहे.

नव्या टॉवरमध्ये सनकन बऱ्याचदा नसतंच. वरच्या फ्लॅटचे सांडपाण्याचे पाईप सरळ खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला लटकवलेले असतात आणि ते झाकायला फॉल्स सीलिंग असतं. तिथे शोध फार सोपा होतो: सीलिंगचं झाकण उघडलं की गळणारा सांधा डोळ्यांनी दिसतो. मात्र वरच्यांच्या पाईपची दुरुस्ती खालच्यांच्या घरात जाऊन करावी लागते. त्यामुळे नूतनीकरणात ते झाकण कायमचं बंद करणं ही मोठी चूक ठरते.

पाणी केव्हा गळतं, ते आधी पाहा

प्लंबरला बोलावण्याआधी चार-आठ दिवस एक साधी नोंद ठेवली तर निम्मा शोध घरबसल्या लागतो.

वरच्या घरी कोणी नसतानाही, रात्री-अपरात्री, एकाच गतीनं ठिपके पडत असतील तर संशय आधी भिंतीतल्या पाण्याच्या लाईनवर घ्यावा. या लाईनमध्ये टाकीचा दाब चोवीस तास असतो, त्यामुळे गळती थांबत नाही. तपासणी सोपी आहे. वरच्या फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायचा. सकाळपर्यंत ठिपकणं लक्षात येण्याइतकं मंदावलं, तर पुढची वाट सापडली. इथे एक अडचण असते. भरावात आधीच पाणी भरलेलं असेल तर एका रात्रीत फरक दिसत नाही, दोन-तीन दिवस लागतात. कुटुंब गावाला जाणार असेल तेव्हा हा प्रयोग उत्तम होतो.

सकाळी अंघोळींच्या वेळेनंतर गळती वाढत असेल तर फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅप किंवा त्यापुढचा सांडपाण्याचा पाईप बघावा. फ्लश केल्यावरच ठिपकत असेल तर कमोड आणि ट्रॅपचा जोड. हा जोड जुन्या कामात नुसत्या सिमेंटनं भरलेला असतो आणि कमोड थोडा हलला तरी त्याला चीर जाते.

फक्त पावसाळ्यात ओल येत असेल आणि दिवाळीपर्यंत ती आपोआप वाळत असेल, तर वरच्या बाथरूमला दोष देण्याआधी बाहेरची भिंत, खिडकीखालचा भाग, डक्टमधला पावसाच्या पाण्याचा पाईप आणि वरच्या मजल्यावर असाल तर गच्ची पाहायला हवी. भिंतीवर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसत असेल तर पाणी बराच काळ भिंतीतून प्रवास करत आहे असं समजावं. पाणी विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, तिथे ते वाळतं आणि क्षार मागे राहतात. लोणा खरवडून त्यावर रंग देणं म्हणजे पुढच्या वर्षीचा रंगाचा खर्च आजच ठरवणं.

रंगीत पाण्याची परीक्षा

फरशीतून पाणी झिरपतं का, हे ठरवायची जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे पाणी साठवून पाहणं. नहाणीच्या तोंडात कापडाचा बोळा किंवा रबरी बूच घट्ट बसवतात. दारात ओल्या सिमेंटचा किंवा मातीचा छोटा बांध घालतात. इंच-दीड इंच पाणी भरून त्यात खायचा रंग टाकतात आणि २४ ते ४८ तास ठेवतात. पाण्याची पातळी पेन्सिलनं भिंतीवर खुणावून ठेवली की कमी झालं का तेही कळतं.

खाली रंगीत पाणी उतरलं तर दोष फरशीत किंवा भिंत-फरशीच्या कोपऱ्यात. काहीच उतरलं नाही, तर बूच काढून पाणी एकदम सोडायचं आणि पुन्हा खाली नजर ठेवायची. आता उतरलं तर दोष ट्रॅप किंवा पाईपमध्ये. वरचे आणि खालचे दोघेही हजर असताना ही परीक्षा केली तर पुढचे वाद निम्म्यानं कमी होतात. सोसायटीचा एखादा कमिटी सदस्य साक्षीला असला तर आणखी चांगलं.

कमोडच्या टाकीसाठी याहून सोपी युक्ती आहे. टाकीत थोडा खायचा रंग घालायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. कमोडमध्ये रंग उतरला तर टाकीच्या तळाची रबरी सील झिजली आहे. ही गळती आवाज करत नाही, छतावर डागही पाडत नाही, पण टाकी सारखी भरत राहते. सोसायटीत पाण्याचा टँकर येत असेल तर त्या टँकरमधलं किती पाणी अशा टाक्यांतून रात्रभर वाहून जातं, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

ठिबकणाऱ्या नळाखाली लिटरची बाटली लावून ती किती वेळात भरते ते बघावं. तासात भरली तर दिवसाला २४ लिटर, म्हणजे मोठ्या बादलीभर पाणी.

कोणती कामं घरी करता येतात?

बरीच. नळाची गळती बहुतेकदा आतल्या वॉशरची किंवा स्पिंडलची असते. वॉशबेसिनखालचा कनेक्शन पाईप, हेल्थ फॉसेटची नळी, शॉवरची जाळी, टाकीतला बॉल कॉक किंवा फ्लशची सील हे सगळं हार्डवेअरच्या दुकानात तयार मिळतं. एक ॲडजस्टेबल पाना, टेफ्लॉन टेप आणि जुना भाग खिशात घालून दुकानात जायची तयारी एवढं पुरतं. जुना भाग सोबत नेणं महत्त्वाचं, कारण 'अर्धा इंची' नावाखाली वेगवेगळ्या आट्यांचे भाग विकले जातात.

सुरुवात मात्र अँगल कॉकपासून व्हायला हवी. वॉशबेसिन, कमोडची टाकी आणि गीझर यांच्या अलीकडे भिंतीवर बसवलेला हा छोटा कॉक त्या एका जागेचं पाणी बंद करतो. वर्षानुवर्षं न फिरवल्यानं तो क्षारांनी अडकलेला असतो आणि नेमका पाईप फुटल्यावर फिरत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा सगळे कॉक बंद-चालू करून पाहणं आणि घरातल्या प्रत्येकाला मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत असणं, हे कुठल्याही पान्यापेक्षा उपयोगी आहे.

टेप गुंडाळताना ती आट्यांच्या दिशेनं, म्हणजे भाग घट्ट करताना सुटणार नाही अशी, गुंडाळायची. प्लॅस्टिकच्या आट्यांवर जुन्या पद्धतीनं सूत आणि सफेदा लावून पान्यानं जोर काढणं टाळावं. लोखंडी पाईपला ते चालत होतं, प्लॅस्टिकचा भाग त्या ताणानं तडकतो. कधी कधी तो लगेच तडकत नाही, चार महिन्यांनी भिंतीच्या आत तडकतो.

गीझरखाली पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून काही थेंब पडत असतील तर ती बहुधा गळती नव्हे. पाणी तापल्यावर प्रसरण पावतं आणि वाढलेला दाब तो व्हॉल्व्ह बाहेर सोडतो. 'गळतंय' म्हणून तो बंद करून टाकणं धोक्याचं आहे. थेंब चोवीस तास पडत असतील तर व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.

घरी करू नयेत अशी कामं दोनच: भिंतीच्या आतल्या जुन्या जीआय पाईपला हात लावणं आणि गीझरची वायरिंग. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप. तीस-चाळीस वर्षांत तो आतून गंजून अरुंद होतो, सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं. अशा लाईनचा एक तुकडा बदलायला पाना लावला की त्याच्या पिळानं शेजारचा कुजलेला सांधा सुटतो, आणि एका गळतीच्या तीन होतात. तिथे तुकड्यातुकड्यानं दुरुस्ती करण्यापेक्षा जुनी लाईन भिंतीतच बंद करून बाहेरून नवी लाईन फिरवणं स्वस्त आणि कमी त्रासाचं पडतं. भिंतीवर पाईप दिसतो हे खरं. पण दिसणारा पाईप गळला तर तेही दिसतं.

न फोडता दुरुस्ती होते का?

'नो ब्रेकिंग, नो डस्ट' अशा जाहिराती मोबाईलवर रोज दिसतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. परीक्षेत दोष फक्त टाईल्सच्या सांध्यांत सापडला, तर जुनं व्हाइट सिमेंट खरवडून काढून इपॉक्सी ग्राउट भरणं हा खरोखर चांगला उपाय आहे. व्हाइट सिमेंट पाणी शोषतं, इपॉक्सी शोषत नाही. अट दोन: सांधे खोलवर साफ व्हायला हवेत आणि बाथरूम काम सुरू होण्याआधी पूर्ण वाळायला हवं. सकाळी अंघोळी झाल्यावर दुपारी येऊन ग्राउट भरून जाणारा माणूस ओल आतच कोंडून जातो.

नहाणीच्या जाळीभोवतीची फट, कमोडच्या पायाशी असलेली फट, भिंतीतून नळ बाहेर येतो तिथली फट या तीन जागा आधी बघाव्यात. कितीतरी 'मोठ्या' गळत्या या तीन ठिकाणी दोन-चारशे रुपयांच्या सीलंटनं थांबतात.

खालून, म्हणजे गळणाऱ्या छतात भोकं पाडून रसायन भरण्याचा प्रकारही चालतो. चीर बुजते, ठिपकणं थांबतं आणि खालच्यांना हायसं वाटतं. पण वरचं पाणी येणं थांबलेलं नसतं, त्याची वाट फक्त अडवलेली असते. ते भरावातच राहतं आणि दुसरी चीर शोधतं, किंवा स्लॅबच्या सळयांपाशी मुरत राहतं. वरचे दार उघडायला तयार नाहीत अशा नाइलाजाच्या वेळी तात्पुरता उपाय म्हणून ठीक, कायमची दुरुस्ती म्हणून नाही.

खरं नुकसान तिथेच आहे. ओल सळयांपर्यंत पोहोचली की त्या गंजतात, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. छताला समांतर रेषेत चिरा दिसू लागल्या, त्यातून तांबूस ओघळ आले, किंवा छतावर काठीनं ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर प्रश्न डागाचा आणि रंगाचा उरलेला नसतो. अशा छताखाली पलंग किंवा पाळणा असेल तर तो त्याच दिवशी हलवावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं. इथे प्लंबरचं मत पुरेसं नाही.

ट्रॅपचा सांधा सुटलेला असेल, सांडपाण्याचा पाईप फुटलेला असेल किंवा भराव पूर्ण भिजलेला असेल तर फोडण्याला पर्याय नाही. बाथरूमला पंचवीस-तीस वर्षं झाली असतील तर एवढी फोडाफोड केल्यावर पाईप, वॉटरप्रूफिंग, फरशी सगळं एकदाच करून घेणं शहाणपणाचं. अर्धी फरशी नवी आणि अर्धी जुनी ठेवून केलेलं वॉटरप्रूफिंग जोडाच्या जागी हमखास दगा देतं.

नूतनीकरण करायचं ठरलं तर

लोक टाईल्सच्या दुकानापासून सुरुवात करतात. खरं तर बजेटचा विचार उलट दिशेनं करायला हवा: आधी जे दिसत नाही त्याचे पैसे बाजूला काढायचे, उरलेल्यात जे दिसतं ते निवडायचं. महागडा नळ पाच वर्षांनी बदलता येतो. फरशीखालचा पाईप बदलता येत नाही.

कामाचा क्रम असा असतो: जुनं फोडून थेट स्लॅबपर्यंत साफ करणं, चिरा भरणं, स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा पहिला थर, सांडपाण्याचे पाईप आणि ट्रॅप, पाणी भरून परीक्षा, भराव, भिंतीतली पाण्याची लाईन आणि तिची दाबाची परीक्षा, भरावावर दुसरा वॉटरप्रूफिंगचा थर, पुन्हा पाणी भरून परीक्षा, आणि मग टाईल्स. दोनदा पाणी भरायला सांगितलं की मिस्त्री 'काही गरज नाही' म्हणतो. गरज असते. प्रत्येक परीक्षेला एक-दोन दिवस जातात, आणि कामाला उशीर झाला की नेमके हेच दिवस कापले जातात.

वॉटरप्रूफिंगमध्ये सपाट भागापेक्षा कोपरे जास्त फसतात. भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे काटकोनी सांधा न ठेवता मालाची गोलाई करतात, मिस्त्री त्याला 'वाटा' म्हणतात. थर त्या वाट्यावरून भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला माणसाच्या उंचीइतका चढायला हवा. उंबऱ्याखालीही तो गेला पाहिजे. बेडरूमच्या भिंतीला खालून ओल येते ती बऱ्याचदा या उंबऱ्यामुळेच.

फरशीचा उतार नहाणीकडे मीटरला साधारण एक ते दीड सेंटिमीटर असावा. टाईल्स मोठ्या हव्यात असा हल्ली आग्रह असतो. भिंतीवर जरूर लावाव्यात, पण लहान बाथरूमच्या जमिनीला दोन बाय दोन फुटांच्या टाईल्सनी सगळीकडून नहाणीकडे उतार देणं अवघड जातं. पाणी कोपऱ्यात साठतं आणि रोज वायपर मारावा लागतो. जमिनीला फूटभराच्या, खरखरीत पृष्ठभागाच्या टाईल्स घेतलेल्या बऱ्या. गुळगुळीत, चकचकीत टाईल दुकानात सुंदर दिसते, पण तिथे तिच्यावर साबणाचं पाणी नसतं.

पाण्यासाठी हल्ली सीपीव्हीसी पाईप वापरतात, तो गरम पाणीही सोसतो. यूपीव्हीसी फक्त थंड पाण्यासाठी. दोन्हींचा फरक न कळणारा प्लंबर गीझरच्या लाईनला यूपीव्हीसी लावून जाऊ शकतो, म्हणून पाईपवरचं छापील नाव स्वतः वाचावं. भिंत बंद करण्याआधी लाईनला हातपंपानं दाब देऊन काटा तासभर स्थिर राहतो का ते बघायचं.

शॉवर निवडण्याआधी दाबाचं गणित मांडावं. टाकीपासून खाली दर १० मीटरला साधारण १ किलो दाब मिळतो. दहा मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर पाण्याला जोर असतो, तर सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी शॉवरपासून जेमतेम तीन-चार मीटर उंच, म्हणजे दाब अर्धा किलोसुद्धा नाही. तिथे हॉटेलात पाहिलेला छत्रीएवढा रेन शॉवर लावला तर त्यातून पाऊस पडत नाही, फक्त ओघळ येतात. सोसायटीनं वरच्या मजल्यांसाठी प्रेशर पंप बसवला आहे का ते आधी विचारावं.

कमोडमध्ये पहिला प्रश्न जुन्या पाईपच्या तोंडाचं भिंतीपासूनचं अंतर. हे माप न घेता कमोड विकत आणला की एकतर तो भिंतीपासून लांब उभा राहतो किंवा बसतच नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवणं आणि शेजारी भिंतीत पक्का दांडा लावणं या दोन्ही गोष्टी एकदमच कराव्यात. दांड्यासाठी टाईल्सच्या मागे भरीव आधार लागतो, नंतर नुसत्या स्क्रूवर लावलेला दांडा नेमका आधार घेताना निखळतो. भिंतीला टांगलेला कमोड साफसफाईला सोपा पडतो, पण त्याची टाकी भिंतीत असते आणि वजन पेलायला लोखंडी चौकट लागते. साध्या साडेचार इंची भिंतीवर नुसत्या बोल्टवर तो लटकवू नये. जुन्या टाक्या एका फ्लशला दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी घेत. दोन बटणांच्या टाक्यांत ३ आणि ६ लिटरची सोय असते, पाणीकपातीच्या दिवसांत तो फरक जाणवतो.

गीझरला स्वतंत्र लाईन, १६ अँपिअरचा पॉइंट, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी एवढं हवंच. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत बसवू नये. त्याच्या ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि खिडकी लावून अंघोळ करणाऱ्याला भोवळ येईपर्यंत काही कळत नाही. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या जवळपास दरवर्षी येतात. गॅस गीझर हवाच असेल तर तो मोकळ्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर.

खर्च कोणी करायचा?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींत याची विभागणी आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, सामायिक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाईप, पावसाच्या पाण्याची गळती आणि गच्चीतून गळल्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या छताचं झालेलं नुकसान ही संस्थेची जबाबदारी. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती त्या फ्लॅटच्या सदस्याची. म्हणजे डक्टमधला उभा पाईप गळत असेल तर संस्था, वरच्या बाथरूमचा ट्रॅप गळत असेल तर वरचा सदस्य. आपल्या संस्थेनं कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते सचिवांकडून तपासून घ्यावं.

तक्रार तोंडी न करता सचिवांना लेखी द्यावी, तारखेसकट फोटो जोडावेत. पूर्वसूचना देऊन फ्लॅटची पाहणी करण्याचा अधिकार संस्थेला उपविधींनी दिलेला आहे, त्यामुळे 'आमच्या घरात कोणी यायचं नाही' हे उत्तर टिकत नाही. पाहणी तिऱ्हाईत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून करून लेखी अहवाल घेतला तर पुढचा मार्ग मोकळा होतो. सगळं करूनही सदस्य दाद देत नसेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं. तिथे वेळ लागतो, हे गृहीत धरून बोलणी चालू ठेवलेली बरी. बऱ्याच प्रकरणांत वरच्यांनी दुरुस्ती आणि खालच्यांनी स्वतःचा रंग, अशा तडजोडीवर विषय मिटतो.

घर नवं असेल तर खिशात हात घालण्याआधी ताब्याची तारीख पाहा. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यानं टाळाटाळ केली तर महारेराकडे तक्रार करता येते. मात्र मधल्या काळात मालकानं स्वतः बाथरूम फोडून बदललं असेल तर बिल्डर सगळा दोष त्या कामावर ढकलतो. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या फ्लॅटमध्ये हौसेखातर फोडाफोड करताना दोनदा विचार करावा.

भाड्यानं राहणाऱ्यांनी गळतीची माहिती घरमालकाला लगेच मेसेजवर द्यावी. करार संपताना अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले जाऊ लागले तर तोच मेसेज कामी येतो.

मिस्त्रीशी व्यवहार

नूतनीकरण सुरू करण्याआधी संस्थेला पत्र द्यावं लागतं. कामाच्या वेळा, लिफ्टमधून माल नेण्याचे नियम आणि राडारोडा कुठे टाकायचा ते त्यात ठरतं. राडारोडा रस्त्याच्या कडेला किंवा नाल्यात टाकला तर दंड होतो, तो ठेकेदाराला नाही, ज्याच्या घरून निघाला त्याला भरावा लागू शकतो. बाथरूमची जागा बदलणं, ते वाढवून खालच्यांच्या स्वयंपाकघरावर किंवा बेडरूमवर नेणं, बीम किंवा कॉलमला खाच पाडणं यांना संस्थेचा होकार पुरत नाही, तिथे महापालिकेचे नियम आणि इंजिनिअरचा सल्ला लागतो.

ठेका 'लम्पसम' देताना माल कोणाचा, पाईप कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या वर्गाचा, वॉटरप्रूफिंगचे किती थर आणि पाण्याची परीक्षा किती वेळा, हे एका कागदावर लिहून सही घ्यावी. पैसे टप्प्यानं द्यावेत आणि शेवटचा दहावा हिस्सा काम संपल्यावर महिनाभर हातात ठेवावा. 'दहा वर्षांची गॅरंटी' तोंडी असेल तर तिची किंमत शून्य. लेखी असली तरी ती नेमकी कशाची आहे, रसायनाची की कामाची, ते वाचावं. रसायन बनवणारी कंपनी सहसा रसायनाची हमी देते, ते कसं लावलं गेलं याची नाही.

टाईल्स लावण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा आणि जमिनीचा फोटो काढावा, पाईपशेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून पाईप किती अंतरावर गेला आहे ते वाचता येईल. हे फोटो फोनमध्ये न ठेवता घराच्या कागदपत्रांसोबत छापून ठेवलेले चांगले, आणि टाईल्सचा एक न फोडलेला बॉक्स माळ्यावर, कारण तीच छटा दोन वर्षांनी बाजारात मिळत नाही. पुढे कधी टॉवेलच्या दांड्यासाठी किंवा आरशासाठी ड्रिल मशिन घेऊन कोणी आलं, तर त्याच्या हातात आधी ते फोटो द्यायचे.